साडेतीन तास पुढं

गावात रेंज फक्त टाकीमागच्या डीपीपाशी.
म्हणून रविवारी जेवण अर्धं टाकून
मी डीपीच्या कठड्याले टेकून उभा, मोबाईल आडवा,
वच्छला माह्या खांद्यावरून डोकावून राहिली,
अन् मोनाली तिकडं टोकियोत
तिच्या विद्यापीठात चालून राहिली.

पह्यले तिचा बूट दिसला, मंग आभाळ,
मंग एक लाल दरवाजा.
"बाबा, राजाची पोरगी सरदाराच्या घरी सून म्हणून आली,
तिच्यासाठी बांधला. दोनशे वर्षं होत आली."
आपल्याकडं सुनेसाठी उंबऱ्यावर माप ठेवतात, मी म्हटलं,
अन् ते बी लाथाडाले.
मोनाली हासली. वच्छला म्हणे, "आतून दाखव."
"इथून आत नाही जाता येत, आई, बंद हाय.
भूकंपात टिकल का नाही, तपासून राहिले."
दोनशे वर्षं टिकला,
त्यालेच विचारा म्हणा.

दुसऱ्या फाटकातून आत.
दोन्ही अंगानं झाडं, एवढी पिवळी
का मोबाईलचा उजेड वाढल्यासारखा वाटला.
पान म्हणे पंख्यासारखं. मले सुपासारखं दिसलं.
खाली एक म्हातारी, रबरी हातमोजे घालून,
पडलेल्या बिया थैलीत भरत होती.
"वास भल्ला घाण येते, बाबा, पण भाजून खातात."
वच्छला एकदम बोलली,
"आमची माय मोहफुलं वेचे, तशीच वेचते वो.
कमरेतून. गुडघे न वाकवता."
म्हातारीनं कॅमेऱ्याकडं पाहिलं, जराशी झुकली.
वच्छलानं इकडून पदर डोक्यावर घेतला.

माह्या डोळ्याले दुसरंच.
मोनाली, तारा कुठं आहेत?
"आत सगळ्या जमिनीखालून. बाहेर गल्लीत वरूनच, आपल्यासारख्या.
काल तुमच्यासाठी खांबाचा फोटो पाठवला, पाहिला नाही का?"
पाहिला होता. दोनदा.
गोल ट्रान्सफॉर्मर वर टांगलेला, धुतल्यासारखा,
ना वेल चढलेली, ना कावळ्याच्या काड्या.
लोकाईची पोरं बाहेरगावाहून देवाचे फोटो धाडतात.

"हा घड्याळाचा मनोरा, खाली सभागृह.
इथं पोरं कोंडून बसली होती, तुमच्या जन्माच्या आधी.
पोलिसांनी पाणी मारलं, धूर सोडला, तरी दोन दिवस लागले."
लाईन कापली असल पह्यले, मी म्हटलं.
"तुमाले कसं माहीत?"
माहीत हाय. पह्यले लाईनच कापतात.

मंग दोघंबी थोडा वेळ बोललो नाही.
तिच्या बारावीच्या साली अभ्यासिकेचं बिल थकलं,
ग्रामपंचायतीनं हात वर केले,
वरून कागद आला. खांबावर मीच चढलो.
खाली ती, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बोट घालून,
वर पाहत उभी.
मी पकडीनं तार सोडवली, गुंडाळली,
उतरलो अन् सायकल घेतली.
रात्री जेवताना, भाजीत मीठ कमी हाय,
एवढंच बोलली.

तळ्यापाशी ती दगडावर बसली.
पाण्यात कासव दिसलं, नाहीतर दुसरा दगड असल.
तिकडं साडेचारालेच अंधारून आलं,
इकडं एक वाजला, डीपी ऊन खात गुणगुणत होती.
"हे वाचनालय, बाबा."
चालत होती ती पुन्हा, चित्र हलत होतं.
काचा. काचांमागं डोकी, वाकलेली.
दिवे? मी विचारलं.
"सगळे चालू आहेत."
अजून काही बोलली ती,
पण चित्र तिथंच थिजलं, तोंड अर्धं उघडं.

"काय म्हणाली शेवटी?" वच्छला विचारते.
मी टाकीच्या शिडीवर चढलो,
दोन पायऱ्या, तीन, मोबाईल उंच धरून,
तेवढ्यात दुसराच फोन वाजला.
वायरमन, खालच्या मोहल्ल्यात एक फेज गेली.
येतो, म्हटलं.